गोचिडीच्या नकाशासाठी रक्त गोळा करताना

पदव्युत्तरच्या प्रबंधाला विषय मिळाला क्रायमियन-काँगो रक्तस्रावी तापाचा. परभणी-हिंगोलीकडच्या गावांत जनावरांचं रक्त तपासायचं आणि माणसाला धोका कुठे जास्त, याचा नकाशा करायचा. हा आजार भारतात पहिल्यांदा २०११ च्या जानेवारीत अहमदाबादजवळ सापडला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने तो ओळखला. पसरवते ती हायलोमा जातीची गोचीड. गायी-शेळ्यांना यात काहीच होत नाही. विषाणू त्यांच्या रक्तात जेमतेम आठवडाभर टिकतो, त्याच्याशी लढायला शरीराने बनवलेली प्रतिपिंडं मात्र बराच काळ राहतात. म्हणजे माणूस आजारी पडायची वाट न पाहता धोका कळू शकतो.

परवानग्यांचे कागद जमले. गावात मात्र पहिल्याच गोठ्यात एका आजीने विचारलं, "बिमारी नाही तर रगत कामून काढता, बाई?"

प्रश्न रास्त होता. मी गायीच्या कासेजवळची गोचीड दाखवली आणि सांगितलं, हिच्या चाव्याने गाय ठणठणीत राहील, पण हीच गोचीड माणसाला चावली किंवा तुम्ही ती नखाने चिरडली तर माणूस दगावूही शकतो. आजी रोज तेच करत होत्या, नखाने नाहीतर दगडावर. खरी भीती निघाली वेगळीच: नाव झालं तर बाजारात भाव पडेल. मग ठरवलं, नकाशावर फक्त गाव येईल. मालकाचं नाव नाही आणि कानातल्या बिल्ल्याचा नंबरही नाही.

रक्त मानेच्या शिरेतून घ्यायचं, नळी तिरपी ठेवून गोठू द्यायची, वर येणारा पिवळसर सीरम एलायझासाठी, म्हणजे प्रतिपिंडं शोधणाऱ्या चाचणीसाठी, वेगळा करायचा. मराठवाड्याच्या उन्हात आणि मोटारसायकलच्या धक्क्यांत पेशी फुटतात, सीरम लालसर होतो आणि नमुना वाया जातो. म्हणून भल्या पहाटे निघायचं आणि रक्त गोठेपर्यंत गावातच थांबायचं. चहा मात्र फार प्यावा लागतो.

खरी अडचण एका बैलाने दाखवून दिली. देखणा लाल कंधारी, अंगावर गोचिडी भरपूर. मालक म्हणाला, "आत्ताच ऊसतोडीहून आलाव." अख्खा हंगाम हा बैल पश्चिम महाराष्ट्रातल्या फडात होता. उद्या हा पॉझिटिव्ह आला तर टिपका कुठे टाकायचा? रक्त सांगतं की हे जनावर कधीतरी विषाणू असलेल्या गोचिडीला सापडलं. कुठे, ते सांगत नाही. बाजारातून आणलेल्या म्हशीचं तेच, धनगरांच्या फिरत्या मेंढ्यांचं तर विचारूच नका.

तिथून पुढे सुई काढण्याआधी विचारायला लागले: हे इथलंच का, बाहेर गेलं होतं का? घरी जन्मलेल्या कालवडी आणि उस्मानाबादी शेळ्यांच्या पाटी पहिल्या पसंतीच्या झाल्या. अगदी लहान वासरंही नकोत, कारण चिकातून आलेली आईची प्रतिपिंडं चाचणीत दिसतात. सहा महिन्यांच्या पुढचीच घेतली. ऊसतोडीचे बैल सोडले नाहीत, पण त्यांची यादी वेगळी ठेवली. विषाणू एका भागातून दुसऱ्या भागात कसा जाऊ शकतो, ते यांच्याकडूनच कळेल.

नकाशा रंगवताना दुसरा पेच. दर पाच जनावरांत एक पॉझिटिव्ह असलेल्या गावातही आपण पाचच नमुने घेतले, तर एकही न सापडण्याची शक्यता जवळपास ३३ टक्के असते. अशा गावाला हिरवा रंग देणं म्हणजे गावकऱ्यांना फसवणं. शिवाय डांबरी रस्त्यालगतच्या गावांतून नमुने भरपूर येतात, आडवळणी वाड्या-तांड्यांतून नाहीत. मार्गदर्शकांना स्वच्छ रंगांचा नकाशा हवा होता. मी कमी नमुन्यांच्या गावांना राखाडी रंग दिला, त्यावरून बरीच हुज्जत झाली, शेवटी तो राहिला.

आजींच्या गोठ्याची भिंत दगड-मातीची, भेगांनी भरलेली. हायलोमा अशाच फटींत दडते, तिथेच अंडी घालते. नुसतं जनावरावर औषध मारून भागत नाही. भेगा लिंपून घ्या आणि गोचीड काढताना हातमोजे घाला, असं सांगून आले. पुढच्या फेरीला अर्धी भिंत लिंपलेली होती. हातमोजे मात्र खुंटीला.