समभाग पाणी

भाचीला बढती मिळाली म्हणून तिने आम्हा सगळ्यांना लोअर परळच्या एका झगमगीत हॉटेलात जेवायला नेलं. वाइनची यादी घेऊन आलेल्या मुलाने अदबीने विचारलं, "मॅडम, ड्राय की स्वीट?" टेबलावर क्षणभर शांतता. मग ताई म्हणाली, ड्राय. भाची म्हणाली, ड्राय. चहात अडीच चमचे साखर घालून वर कपाच्या तळाशी उरलेली बोटाने चाटणारे आमचे भाऊजी, तेही म्हणाले, ड्राय. मीही मान डोलावली. दहा मिनिटांनी आम्ही चौघं, हिरड्यांना तुरटी फासल्यासारखी तोंडं करून, "छान आहे, नाही?" असं एकमेकांना विचारत होतो.

गोड म्हणायला लाज वाटली. गोड वाइन म्हणजे नवशिक्यांची, असा एक समज पसरलाय आणि तो अगदीच हवेतून आलेला नाही. काही स्वस्त बाटल्यांत नुसता पाक असतो. दोन घोटांत जीभ चिकट होते आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरतं. पण त्यावरून गोड वाइनची पारख करायची, तर टपरीवरचा लाल-पिवळा गोळा चाखून आंब्याबद्दल मत देण्यासारखं आहे.

शिवाय माझ्या आयुष्यातली पहिली वाइन गोडच होती. वय वर्षं आठ, गिरगावातली चाळ, स्टीलचा चमचा. टायफॉइडमधून उठले होते आणि जेवण जात नव्हतं. आजीने कपाटातून तपकिरी बाटली काढली. द्राक्षासव. जेवणानंतर दोन चमचे, समभाग पाण्यातून. मनुकांचा वास, गुळचट चव आणि घशाखाली उतरताना छातीत एक ऊबदार रेघ. ती ऊब कसली, हे कळायला पुढची वीस वर्षं गेली. द्राक्षांच्या रसात गूळ-साखर आणि धायटीची फुलं घालून भांडं तोंड बंद करून ठेवायचं, की फुलांबरोबर आलेलं यीस्ट आपलं काम सुरू करतं. आसवात अल्कोहोल आपोआप तयार होतं, बाटलीवर तसं बारीक अक्षरांत छापलेलंही असतं. पण ते औषधाच्या दुकानात मिळतं, त्यामुळे आमच्या निर्व्यसनी घराण्यात तीन पिढ्या ते चालत आलं आणि कुणाच्या व्रताला धक्का लागला नाही.

यीस्टचा कारभार मला नीट समजावला तो आमच्या मजल्यावरच्या आंटींनी. आम्ही आता बोरिवलीला आय. सी. कॉलनीत राहतो; आंटी मूळच्या गोराईच्या, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्याच मूळ ख्रिस्ती समाजातल्या. नोव्हेंबर संपत आला की त्यांच्या ओट्यावर चिनी मातीची मोठी बरणी येते. काळ्या मनुका, साखर, मूठभर गहू, यीस्ट, वर फडकं बांधून एकवीस दिवस. रोज एकदा लाकडी डावाने ढवळायचं. मी विचारलं, आंटी, एवढी साखर? त्या म्हणाल्या, "अगं, यीस्टला जेवायला वाढायचं. खाऊन खाऊन दमलं पाहिजे ते. उरेल ते आपलं."

गोड वाइनचं अर्धं शास्त्र या एका वाक्यात आहे. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल करतं. सगळी साखर संपवली तर वाइन ड्राय, उरली तर गोड. आता ती उरावी कशी, यावर जगभरच्या माणसांनी जी डोकी लढवली आहेत, ती सगळी मजा आहे.

सोपा मार्ग म्हणजे जेवणाऱ्याला ताटावरून उठवायचं. इटलीच्या मोस्कातो द'आस्तीत रस आंबायला लागला की तो एकदम थंड करतात, यीस्ट गारठून बसतं. पाचेक टक्के अल्कोहोल, हलके बुडबुडे, फुलांचा वास. दुपारी चारच्या उकाड्यात बरी लागते, पण तिच्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यात जरा धसमुसळेपणा करतात. अर्धवट आंबलेल्या रसात द्राक्षांचंच कडक मद्य ओततात. यीस्ट तिथेच गार, साखर शाबूत आणि अल्कोहोल वीस टक्क्यांच्या घरात. हे पोर्ट. गोव्यात पोर्ट म्हणून जे मिळतं ते याचं नावबंधू, नातं नावापुरतंच.

दुसरा मार्ग द्राक्षच असं करायचं की त्यात साखर मावता मावू नये. सुकवायचं. हे आपल्या घरचंच काम आहे. तासगावकडे मी एकदा बेदाण्याची शेड आतून पाहिली आहे. जाळ्यांचे मजल्यावर मजले, त्यावर हिरवी द्राक्षं पसरलेली, वारा खेळता. पंधराएक दिवसांत रसरशीत मण्याचा सुरकुतलेला बेदाणा होतो. आत शिरल्यावर नाकात गच्च बसणारा तो गोड, किंचित आंबूस वास! टस्कनीतले लोक नेमकं हेच करतात, फक्त पूर्ण सुकू देत नाहीत. माळ्यावर चटयांवर पसरून किंवा आढ्याला घोस टांगून हिवाळ्यापर्यंत थांबायचं, मग ते पिळून छोट्या पिंपांत वर्षानुवर्षं ठेवायचं. त्याला विन सांतो म्हणतात. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, पण त्याची अशी वाइन कुणी मनावर घेतल्याचं माझ्या पाहण्यात नाही. घ्यावं.

जर्मनीत आणि कॅनडात द्राक्षं वेलीवरच गोठू देतात आणि उणे सात-आठ अंशांत, पहाटेच्या अंधारात खुडून तशीच पिळतात. पाण्याचा बर्फ मागे राहतो, पाक तेवढा गळतो. बोरिवलीत बर्फाचा उपयोग उसाच्या रसापलीकडे झालेला मला ठाऊक नाही, म्हणून पुढे जाते.

कारण मला खरं सांगायचंय ते बुरशीबद्दल. मुंबईकराला बुरशीचं कौतुक कुणी सांगू नये. जुलैत आमच्या घरात चपला, पट्टे, लग्नातली पर्स, नवऱ्याचा एकुलता एक कोट, सगळ्याला पांढरी लव येते. त्यामुळे फ्रान्समधल्या सोतेर्नचे लोक द्राक्षांना बुरशी लागावी म्हणून डोळे लावून बसतात, हे वाचल्यावर मला पहिल्यांदा खोटंच वाटलं. तिथे सिरों नावाची एक थंड पाण्याची छोटी नदी गारोन या मोठ्या नदीला मिळते. शरदात त्यामुळे पहाटे दाट धुकं पडतं, आणि त्या ओलाव्यावर बॉट्रिटिस नावाची बुरशी पिकल्या द्राक्षाची साल सूक्ष्म भोकं पाडून पोखरते. दुपारी ऊन पडलं की त्या भोकांतून पाणी उडून जातं. राहतो तो तपकिरी, आक्रसलेला, दिसायला किळसवाणा मणी, आणि आत मधासारखा रस. दुपारचं ऊन पडलंच नाही तर तीच बुरशी सगळा घड सडवून टाकते. म्हणजे सगळा खेळ दुपारचा. आपल्याकडे या नाटकाचा पहिला अंकच तीन महिने चालतो, म्हणून आपली बुरशी बुरशीच राहते.

असे मणी काही एकदम तयार होत नाहीत. मजूर त्याच ओळींतून पुनःपुन्हा फिरतात आणि झाले तेवढेच खुडतात. तिथल्या सर्वांत नावाजलेल्या शातो द'इकेमबद्दल सांगतात, की एका वेलीमागे जेमतेम एक ग्लास वाइन निघते. हंगेरीत तोकाय गावाच्या परिसरात हाच उद्योग शतकानुशतकं चाललाय. १७३७ साली राजाज्ञा काढून त्यांनी त्या वाइनच्या प्रदेशाची हद्दही आखून टाकली. तिथले बुरशीदार मणी ढीग करून ठेवले, की स्वतःच्याच वजनाने त्यांतून थेंब थेंब पाझर सुटतो. लिटरमागे ४५० ग्रॅमच्या वर साखर. त्यात यीस्टही गुदमरतं, वर्षानुवर्षं ढकलत ढकलत कसंबसं थोडं आंबवतं. त्याला एसेन्सिया म्हणतात, आणि ती ग्लासातून पीत नाहीत. चमच्यातून घेतात. हे वाचलं तेव्हा मला आजीचं कपाट आठवलं.

इतक्या साखरेत माणूस ओकत कसा नाही, हा प्रश्न मला पडला होता. सोतेर्नमध्ये लिटरला सव्वाशे-दीडशे ग्रॅम साखर सहज असते, कोलापेक्षा जास्त. उत्तर आपल्या लिंबू सरबतात आहे. तांब्याभर पाण्यात चार चमचे साखर घालून पिऊन बघा, अर्ध्यावर नको होईल. त्यातच एक लिंबू पिळलं आणि चिमूटभर मीठ घातलं, की तांब्या रिकामा. साखर तेवढीच. चांगल्या गोड वाइनमध्ये ते लिंबू द्राक्षाच्या पोटातच असतं. घोट गोड सुरू होतो आणि गिळता गिळता आंबट होऊन तोंड धुऊन जातो, म्हणून दुसऱ्याची इच्छा राहते. नाशिकची अडचण नेमकी इथे आहे. आपली तोडणी जानेवारी ते मार्च. द्राक्षं वेलीवर आणखी ठेवावीत तर ऊन चढतं, साखर वाढते पण आंबटपणा पळतो. म्हणून लेट हार्वेस्टसाठी, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांच्या गोड वाइनसाठी, शेनिन ब्लाँ हे मुळातच आंबट अंगाचं द्राक्ष घेतात. नाशिकच्याच सुला कंपनीची अशी छोटी बाटली मी आणते. तुपाच्या रंगाची, वास पिकल्या पेरूचा आणि जर्दाळूचा. कडक थंड करून प्यायची, नाहीतर तिचं सरबत होतं.

लेबलवर मात्र विसंबू नका. एका थर्टी फर्स्टला, लोअर परळचा सल मनात ठेवून, मी फेसाळ वाइनची बाटली घेतली. वर लिहिलं होतं, एक्स्ट्रा ड्राय. म्हटलं, आता बघाच. तोंडाला लावली तर गोडूस! या फेसाळ वाइनच्या भाषेत सर्वांत कोरड्यांपैकी एक असते ब्रूट, लिटरला १२ ग्रॅमपर्यंत साखर. एक्स्ट्रा ड्राय म्हणजे १२ ते १७. नुसती ड्राय त्याहून गोड. आणि डेमी सेक, म्हणजे शब्दशः अर्धी कोरडी, ३२ ते ५० ग्रॅमची. पूर्वी सगळीच इतकी गोड असायची की त्यांच्या तुलनेत ही कोरडी ठरली आणि नाव चिकटून राहिलं. भाऊजींनी मात्र तीन ग्लास घेतले आणि "ड्राय असावी तर अशी" म्हणाले. मी काही बोलले नाही.

पुरणपोळीबरोबर गोड वाइन हा प्रयोगही मी करून बसलेय. जिलबी खाल्ल्यावर चहा फिका लागतो, तेच झालं. पोळीपुढे नाशिकची ती बिचारी नुसतं लिंबूपाणी झाली. वाइन खाण्यापेक्षा गोड हवी, नाहीतर गोडाच्या वाटेला जाऊ नये. खारटाबरोबर मात्र ती फुलते. फ्रेंच लोक निळ्या बुरशीच्या चीजबरोबर घेतात, मी दिवाळीच्या चकलीबरोबर. कडक, जरा जास्तच मिठाची, ओव्याची चकली. मीठ लावून पेरू खाणाऱ्याला यात नवल वाटू नये.

मदेरा राहिलीच. अटलांटिकमधल्या त्या बेटावरची वाइन पूर्वी जहाजांच्या पोटात भरून हिंदुस्थानाकडे यायची, विषुववृत्ताचं ऊन खात. इतर वाइन अशा उकाड्यात मरतात, ही मात्र त्याने सुधारते, हे व्यापाऱ्यांच्या लक्षात आलं. मग परतीच्या जहाजाने उरलेली पिंपं चढ्या भावाने विकली जाऊ लागली. आता जहाजाऐवजी पिंपं उबदार माळ्यावर ठेवतात. आमची आई लिंबाचं गोड लोणचं गच्चीवर महिनाभर उन्हात ठेवते आणि ते काळं पडल्याशिवाय खाली आणत नाही, तोच हिशेब.

गेल्या रविवारी आई राहायला आली होती. वय ब्याऐंशी, भूक मेलेली, वरणभातसुद्धा चिवडत बसली होती. मी फ्रिजमधली नाशिकची बाटली काढली. ग्लास बघून ती बिचकेल म्हणून खोकल्याच्या औषधाचं झाकण धुऊन घेतलं आणि त्यात ओतून दिली. तिने आधी वास घेतला, मग डोळे मिटून झाकण रिकामं केलं. जीभ टाळ्यावर दोनदा आपटली.

"बरंय," म्हणाली. "पण अगं, समभाग पाणी घातलं नाहीस."