चोडणच्या मानशीवर एक सकाळ

गोव्यात रायबंदरहून फेरीबोट सुटली तेव्हा ओहोटी लागली होती. चोडण बेटावर उतरल्यावर दादाने, म्हणजे माझ्या आतेभावाने, पक्षी अभयारण्याऐवजी आधी खाजनात, म्हणजे बांध घालून नदीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतात नेलं. ‘मानस बघायची तर पाणी उतरतंय तोवर चल.’

मानस म्हणजे बांधातलं दार. चिऱ्यांची चौकट, तिच्यात नदीकडे उघडणारी लाकडी झडप. वाकून पाहिलं, तर फळीला कालवं चिकटलेली आणि आतलं पाणी झडप ढकलत बाहेर पडत होतं. भरती आली की नदीच ती दाबून बंद करते. भरतीच्या वेळी मोठा पाऊस आला, तर शेतातलं पाणी ओहोटीपर्यंत आतच थांबतं आणि मग सावकाश निघून जातं.

मी पुण्यात पावसाचं पाणी अडवणारे तलाव आखतो. आमचंही काम हेच. पण मागच्या वर्षी एका वसाहतीत मी उभ्या काँक्रीट भिंतींचा हौद केला, भोवती कुंपण घातलं. पावसाळा सरला की तिथे ना मुलं येतात, ना पक्षी. ते मला अजून टोचतं.

इथे जमीन उतरत उतरत पाण्याला मिळते. कोरड्या गवतात टिटवी, चिखलात बगळे, मानशीजवळच्या पोंयीवर, म्हणजे खोलगट डोहावर, खंड्या. आदल्या दिवशी कुडचड्याचं नंदा तळं पाहिलं, 42 हेक्टरचं, 2022 साली गोव्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलेलं. तिथेही उथळ काठ होताच.

बांधावरच बसून तलावाचा नवा आराखडा काढला. काठाचा उतार एकास पाच, म्हणजे पाच फूट पुढे जाताना एक फूट खाली, किंवा त्याहून सपाट. पाणी शिरतं तिथे गाळ बसायला वेगळा खड्डा आणि तो उपसायला वाट. तळाशी लहान मोरी, मोठ्या पावसासाठी वर सांडवा. वरच्या टप्प्यावर खेळाचं मैदान. ते बुडू दे, पण दोन दिवसांत मोकळं व्हायला हवं, कारण डासाची अळी वाढायला साधारण आठवडा पुरतो. सर्वांत खोल कोपरा कायम ओला, बेडकांसाठी. तिथल्या अळ्या मासे खातील.

दादाने कागद बराच वेळ पाहिला.

‘याची राखण कोण करणार?’

मी गप्प.

‘बांध रोज बघावा लागतो. खेकड्याचं एक बीळ राहिलं तरी पुरे.’ बोलता बोलता तो वाकला, मूठभर चिखल एका बिळात कोंबला आणि टाचेने दाबला.