“हो, काढा माल”

“हो, काढा माल.” एवढंच म्हणालो आणि सौदा झाला.

सकाळचे सहा. बांधावर व्यापारी, माझ्या पायात चिखलाने भरलेले गमबूट. शेतीची लाइट या आठवड्यात रात्रीची, म्हणून कालपासून डोळ्याला डोळा नाही. त्याने केळीला सांगितलेला भाव बोर्डापेक्षा, म्हणजे रोज जाहीर होणाऱ्या बाजारभावापेक्षा, क्विंटलमागे 150 रुपये कमी. बोर्डाचा भाव मोबाइलमध्ये होता, मोबाइल खिशात होता. हात काही तिकडे गेला नाही. डोक्यात एकच, हा माणूस जातो कधी आणि खाट दिसते कधी.

आई म्हणाली, “पिऊन आला असता त मी तुला बोलूच दिलं नसतं. जागून आला, ते कोणाले दिसते?”

1997 साली एका प्रयोगात दिसलं होतं, की सलग 17 तास जागलेला माणूस रक्तात 0.05 टक्के दारू असल्याइतका मंदावतो. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा 0.03 आहे. मी तर 24 तास जागा होतो! आणि गाडी नाही, वर्षभराचा बाग हातात होता.

व्यापारी मात्र आंघोळ करून, गंध लावून आलेला.

परवा पुन्हा रात्रीचीच लाइट आहे. रावेर-यावलकडचे भाऊ, तुम्ही सौदा किती वाजता करता?