चुकीच्या वाटलेल्या तीन पिना

"बाय, माजा सासरा कुलाब्याला कवा गेल्ता?"

आजींनी हा प्रश्न विचारला तेव्हा मी त्यांना कौतुकाने त्यांच्याच घराण्याचा नकाशा दाखवत होते. शनिवारची सकाळ होती. नातू त्यांना करंजाड्याहून रिक्षाने माझ्या बेलापूरच्या घरी घेऊन आला होता. मी घराण्यांच्या वंशावळी लावून देते. जुन्या नोंदी वाचायच्या, मोडीत असल्या तर देवनागरीत उतरवायच्या आणि पिढ्या जुळवून संगणकात भरायच्या, असं हे काम. या घराण्याच्या पाच पिढ्या भरून झाल्या होत्या आणि आदल्या रात्री मी सगळ्या नोंदी पहिल्यांदाच नकाशावर टाकल्या होत्या.

आजींचे सासरे मुंबईच्या दक्षिण टोकाला, कुलाब्यात जन्मलेले दिसत होते. त्यांचा एक भाऊ डोंबिवलीजवळच्या कोपर स्टेशनात, तर दुसरा कोपरखैरण्यात. हे लोक खरे कोपरचे. पनवेल तालुक्यातलं कोपर, नवी मुंबई विमानतळासाठी जी दहा गावं उठली त्यांतलं एक.

घोळ कुठे झाला ते लगेच कळलं. कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीच्या, नकलांवर "मौजे कोपर, तालुके पनवेल, जिल्हे कुलाबा" असं होतं आणि मी ते तसंच भरलं होतं. कुलाबा नावाचा जिल्हा होता आणि 1981 मध्ये त्याचं रायगड झालं, हे आपल्याला माहीत असतं. गावाच्या नावावरून आपोआप अक्षांश-रेखांश शोधणाऱ्या सोयीला ते कुठून माहीत असणार? तिला आजचा नकाशा तेवढा कळतो. त्यात कुलाबा म्हणजे मुंबईचं कुलाबा आणि कोपर म्हणजे रेल्वे स्टेशन. माझ्या माहेरची माणसंही तिने एकदा श्रीरामपूरजवळच्या बेलापूरला नेऊन ठेवली होती. तेव्हाच मी शहाणं व्हायला हवं होतं.

पनवेलची गंमत आणखी पुढे जाते. 1882 च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये पनवेल ठाणे जिल्ह्यात आहे. त्यानंतर ते कुलाब्यात गेलं आणि मग जिल्ह्याचंच नाव बदललं. म्हणजे माणूस जागचा हललाही नाही आणि तीन पिढ्यांत त्याचे तीन जिल्हे झाले. म्हणून आता मी ग्रॅम्प्स नावाचं वंशावळीचं सॉफ्टवेअर वापरते. त्यात एकाच ठिकाणाला तारखांसह वेगवेगळी नावं देता येतात आणि ते ठिकाण कोणत्या काळात कोणत्या जिल्ह्यात होतं, तेही नोंदवता येतं. अक्षांश-रेखांश मात्र एकच राहतात, कारण जमीन तिथेच असते.

पण त्या दिवशी अडचण अशी होती की जमीन शोधायची कशी? आजचा नकाशा उघडला तर तिथे विमानतळ. फेब्रुवारी 2018 मध्ये भूमिपूजन, ऑक्टोबर 2025 मध्ये उद्घाटन. मधल्या काळात उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, भराव टाकला. घराची खूण राहील असं काही उरलेलंच नाही. कोणी आजच्या पत्त्यावर, पुनर्वसनाच्या वसाहतीत पिन टोचून मोकळे होतात. मला ते पटत नाही. 1911 साली जन्मलेलं मूल सिडकोच्या भूखंडावर जन्मलं, असं आपण लिहून ठेवणार का? सिडकोची स्थापनाच 1970 ची.

मी गूगल अर्थमध्ये वेळेची पट्टी मागे नेली आणि काम सुरू होण्याच्या आधीचं उपग्रहचित्र काढलं. आजी बोट लावू लागल्या की पडदा हलायचा, चित्र भलतीकडे जायचं आणि त्या कावऱ्याबावऱ्या व्हायच्या. शेवटी मी ते चित्र मोठ्या कागदावर छापून जेवणाच्या टेबलावर पसरलं. चहाबरोबर फुटाण्यांची वाटी होती. आजींनी एक फुटाणा उचलून देवळावर ठेवला. मग विहिरीवर एक. मग थांबल्या आणि कागद स्वतःच्या हाताने अर्धा फिरवला. गावात शिरण्याची वाट त्यांना समोरून हवी होती. उत्तर वर असते, हा आमचा शिरस्ता. त्यांच्या मनातल्या नकाशात आपण चालत येतो ती बाजू खाली असते. कागद फिरला आणि हात भराभर चालू लागला. बांध इथं, उघाडी (बांधातली पाण्याची झडप) इथं, भरतीचं पाणी आत यायचं ते इकडून. खाराची जमीन, त्याच्या कडेने घरं. सासऱ्यांच्या घरावर त्यांनी दोन फुटाणे ठेवले. "ओटी आन माजघर," म्हणाल्या.

मी प्रत्येक फुटाण्याचे अक्षांश-रेखांश उतरवले, दशांशाच्या पुढे चार आकडे. दोनच आकडे ठेवले तर जागा किलोमीटरभर इकडे-तिकडे सरकू शकते, आणि खाडीकाठच्या गावात तेवढ्याने घर पाण्यात जातं. चार ठेवले की चूक दहा-बारा मीटरच्या आत येते. म्हणजे ओटी नाही तर माजघर.

नोंदी नव्याने भरल्या आणि कुलाबा, डोंबिवली, कोपरखैरणे नकाशावरून गेले. सगळे लोक कोपरला परत आले. तीन पिना मात्र बाहेर राहिल्या. एक चिंचपाड्याला, एक तरघरला, एक ओवळ्याला. तिन्ही जन्माच्या नोंदी. कोतवाल बुकात बऱ्याचदा मुलाचं नावच नसतं, नुसतं "मुलगा" किंवा "मुलगी" आणि बापाचं नाव. आमच्याकडे एकाच नावाचे बाप गावोगाव सापडतात. नातवाने या नकला तहसीलच्या अभिलेख कक्षातून आणल्या होत्या खऱ्या, पण त्यालाही खात्री नव्हती. "ताई, नावासारखं नाव असेल कुणाचं तरी. काढून टाका," तो म्हणाला. मलाही तेच वाटत होतं. पहिली नोंद निवडून झाली होती, पुसायचीच बाकी होती.

"त्या कनाच्या?" आजींनी विचारलं.

मी वाचून दाखवलं. चिंचपाडा, 1934, मुलगा, बापाचं नाव अमुक.

"पयलं बालतपन म्हायेरी नाय त आनी कुटं?"

मी हात मागे घेतला. तिन्ही नोंदी पुन्हा पाहिल्या. तिन्ही त्या-त्या जोडप्याच्या पहिल्या मुलांच्या. आजी एकेक गाव ऐकत गेल्या आणि सांगत गेल्या. चिंचपाडा त्यांच्या सासूचं माहेर. तरघर धाकट्या चुलतसासूचं. ओवळं त्यांचं स्वतःचं, 1963 सालचा थोरला मुलगा तिथलाच, म्हणजे शेजारी बसलेल्या नातवाचा बाप. त्याने ती नोंद उलटून-पालटून पाहिली. बाबांचा जन्म ओवळ्याचा, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

जन्म जिथे झाला तिथल्या बुकात लागतो, हे मी रोज लोकांना सांगते. पण नकाशावर ते असं उभं राहिलेलं मी प्रथमच पाहिलं. आपल्या वंशावळी बापाकडून मुलाकडे जातात. बाई आलीच तर "पत्नी" एवढंच, कधी तेही नाही. इथे पाच पिढ्यांच्या बायकांची नावं आम्हाला कागदांत मिळाली नव्हती आणि त्यांच्यातल्या तिघींच्या माहेरची गावं मात्र या तीन पिनांत होती. आणि मी त्या पुसायला निघाले होते. मला त्या क्षणी खरोखर भीती वाटली. आधीच्या किती घराण्यांत मी असल्या पिना "दुरुस्त" केल्या असतील?

मग एक जुनी गाठ सुटायला लागली. सासऱ्यांच्या वडिलांची जन्मनोंद नातवाला वर्षभर मिळत नव्हती. कोपरचं बुक त्याने दोनदा चाळून घेतलं होतं. मी आजींना विचारलं, ते थोरले का? थोरलेच. त्यांच्या आईचं माहेर कुठलं?

आजी बराच वेळ फुटाण्यांकडे पाहत राहिल्या. त्यांनी त्या बाईला पाहिलेलं नव्हतं, सासूकडून ऐकलं तेवढंच. "गव्हानची व्हती," त्या म्हणाल्या.

नातवाने मोबाइलमध्ये गव्हाण लिहून घेतलं, सोमवारी तहसीलला जायचं म्हणून. मी नवी नोंद उघडली. गाव भरलं, पिन गव्हाणवर बसली. वरचा नावाचा रकाना रिकामा होता.

"नाव काय घालू, आजी?"

"नाव नाय म्हाईत. सगली तिला गव्हानकरीन म्हनायची."

मी तेच घातलं.