ताईचं लक्ष कुठे असतं

माझी थोरली बहीण 41 वर्षांची आहे. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नाही; बोलणं नाही, हात स्वतःहून उचलता येत नाही. डोळे तसे धड आहेत, पण दिसलेलं मेंदूला उलगडत नाही. अपंगत्वाच्या दाखल्याच्या वेळी तपासणाऱ्यांनी तिच्यासमोर किल्ल्या हलवल्या, क्षणभर थांबले आणि लिहिलं, 'प्रतिसाद नाही'. ते वाक्य मला अजून सलतं. ताईला क्षणभर पुरतच नाही! आणि अशा दृष्टीच्या माणसांना पुष्कळदा बघणं आणि ऐकणं एकदम झेपत नाही, म्हणून नीट ऐकायचं असलं की ती तोंड फिरवते. समोरच्याला वाटतं, हिचं लक्ष नाही.

बाळ वर्षाचं होता होता चांदोबाकडे बोट दाखवतं, मग आईकडे बघतं. दोघांनी मिळून एकाच गोष्टीकडे लक्ष देणं, ते हेच. 1975 मध्ये स्केफ आणि ब्रूनर या मानसशास्त्रज्ञांनी बाळं मोठ्यांच्या नजरेमागे नजर वळवतात हे दाखवलं. पण ज्याला नजर वळवताच येत नाही, त्याने काय करायचं?

आमच्याकडे भाकरी आहे. ताईची खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराशी. परातीत थापायचा आवाज सुरू झाला की तिचा श्वास अडतो. मी मुद्दाम हात थांबवते. पुष्कळ वेळाने भुवई वर जाते, घशातून 'हं' येतो. मी पुन्हा थापते, ती खुलते. कधी मी पीठ मळतानाच तिचा 'हं' येतो; म्हणजे आता सुरुवात तिची असते.

इंग्लंडमधल्या हार्परबरी रुग्णालयाच्या शाळेत 1980च्या दशकात मेलनी निंड, डेव्ह ह्यूएट आणि सहकाऱ्यांनी अशीच पद्धत घडवली: इंटेन्सिव्ह इंटरॅक्शन. काही शिकवायला बसायचं नाही. समोरचा जे करतो त्याला उत्तर द्यायचं, आणि थांबायचं. थांबणंच सगळ्यात कठीण. माझ्या आईला ते आपसूक येत होतं.

आई गेल्यावर मी वही केली, ताईला सांभाळायला येणाऱ्या मावशींसाठी. भुवई वर: पुन्हा कर. ओठ घट्ट: पुरे. तोंड फिरवलं: ऐकतेय, बोलत राहा. मावशींनी परवा स्वतःच एक ओळ घातली: बांगड्या वाजवल्या की जीभ बाहेर काढते, म्हणजे अजून वाजवा. मला हे माहीतच नव्हतं. घरात असं कुणी असेल, तर त्यांच्या खुणा आजच लिहून काढा. दाखल्यावर त्या कुठेच नसतात.