नाताळची टर्की आणि शिरोड्याचं मीठ

आज पहिल्यांदाच अख्खी टर्की केली. साडेचार किलोची. टर्कीचं, त्यातही छातीचं मांस चटकन कोरडं पडतं, म्हणून परवा संध्याकाळी मिठाच्या पाण्यात बुडवली. ७ लिटर पाण्याला ४२० ग्रॅम जाडं मीठ, मूठभर गूळ, मिरी, तमालपत्र, ठेचलेला लसूण. मीठ शिरोड्याचं, १९३० च्या सत्याग्रहातल्या मिठागरांच्या गावचं. माझ्या घरात दुसरं मीठ येतच नाही.

शेजारच्या काकी डोकावल्या. "इतक्या मिठान खारट जातला गो!" नाही होत. मीठ हळूहळू आत शिरतं, मांसातली प्रथिनं सैल करतं, मग भाजताना पाणी आतच धरून राहतं.

खरी काळजी उकाड्याची. पाणी ४ अंशांच्या खालीच हवं आणि आपल्याकडे डिसेंबरातही दुपारी घाम येतो. एवढं पातेलं फ्रीजमध्ये मावेना. शेवटी जेटीवरून बर्फाचा चुरा आणला, माशांसाठी मिळतो तोच, आणि नव्या थर्माकोलच्या खोक्यात पातेल्याभोवती दाबून भरला. रात्री दोनदा उठून बर्फ बदलला.

काल संध्याकाळी काढली, फडक्याने टिपून कोरडी केली आणि रात्रभर फ्रीजमध्ये उघडीच ठेवली. सकाळी हात लावला तर कातडी कागदासारखी ताणलेली. पाव निघाल्यावर बेकरीवाल्या दादांनी भट्टी दिली. मांडीत खुपसलेला थर्मामीटर ७४ अंशांवर गेला तेव्हा बाहेर काढली.

सुरी छातीत घातली आणि रस ताटभर पसरला. काकींनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.