एका निळ्या रंगाचा प्रवास

गेले काही दिवस माझ्या डोक्यात फक्त निळा रंग आहे. लॅपिस लाझुली म्हणजे आपल्याकडचं लाजवर्द, हा निळा दगड अफगाणिस्तानच्या बदख्शानमधल्या खाणींतून हजारो वर्षं निघतोय आणि इजिप्तच्या तुतनखामेन राजाच्या सोन्याच्या मुखवट्यावर डोळ्यांभोवती तोच जडवलाय, म्हणजे 3300 वर्षांपूर्वी तो इजिप्तपर्यंत पोचला होता! नंतर त्याचीच पूड करून रेशीम मार्गावरच्या, आजच्या चीनमधल्या किझिल आणि दुनहुआंगच्या गुहांमध्ये बुद्धाची चित्रं रंगवली, आणि युरोपात तर हा रंग इतका महाग की चित्रकार तो येशूच्या आईच्या, म्हणजे मेरीच्या वस्त्रासाठी राखून ठेवायचे. त्याचं नाव अल्ट्रामरीन, म्हणजे समुद्रापलीकडून आलेला.

पण मला खरी भारी वाटते ती चिनी मातीच्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांची गोष्ट. आपण ती अस्सल चिनी समजतो ना, पण 14व्या शतकात ही भांडी बनवणाऱ्या चीनमधल्या जिंगदेझेन शहरात त्यातल्या निळ्या रंगासाठी लागणारं कोबाल्ट हे खनिज इराणकडून यायचं आणि मोठमोठी ताटं पश्चिम आशियातल्या गिऱ्हाइकांच्या आवडीनुसार बनायची, मग तीच भांडी बघून इराणी कुंभार तशी करायला लागले, पुढे 17व्या शतकात हॉलंडमधल्या डेल्फ्टचे कारागीरही. मग ही कला नेमकी कोणाची म्हणायची? मला तर वाटतं, वाटेतल्या सगळ्यांचीच. उंटावर माल लादणाऱ्या त्या माणसांचीसुद्धा, ज्यांचं नाव कुठल्याच भांड्यावर नाहीये.